अमेरिकेतील हिमवादळांचे अंदाज : बर्फाचा आकडा शेवटच्या दिवसापर्यंत का बदलत राहतो?

हिमरेषा (प्रश्न) :
नमस्कार. अमेरिकेतील हिवाळी वादळांचे अंदाज मी नियमित वाचतो आणि एका विसंगतीचा उलगडा मला होत नाही. मार्च १९९३ मध्ये पूर्व किनाऱ्यावर आलेल्या प्रचंड वादळाची चाहूल हवामान सेवेला सुमारे पाच दिवस आधी लागली होती, आणि ती खरी ठरली. त्यानंतर दोन दशकांनी, संगणक कितीतरी पटींनी बलवान झालेले असताना, २६-२७ जानेवारी २०१५ च्या वादळात न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंचांचा अंदाज दिला गेला, भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली, आणि सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात ९.८ इंच बर्फ पडला. अंदाजाचे शास्त्र पुढे गेले असेल तर असे का व्हावे? शिवाय मोबाइलवर दहा दिवस आधीच दोन-दोन फूट बर्फाचे रंगीत नकाशे फिरू लागतात. त्यांना कितपत महत्त्व द्यावे?

वातकुक्कुट :
२०१५ चे उदाहरण आपण दिले आहे, पण त्याचा उत्तरार्धही पाहायला हवा. त्याच वादळात लाँग आयलंडच्या पूर्व भागात दोन फुटांहून अधिक बर्फ साचला. म्हणजे वादळ आले, ते जोरदारही होते. फक्त अपेक्षेपेक्षा थोडे पूर्वेकडून सरकले. शेकडो किलोमीटर पसरलेल्या वादळाच्या मार्गात ऐंशी-शंभर किलोमीटरची चूक ही शास्त्राच्या दृष्टीने किरकोळच. परंतु बर्फाच्या पट्ट्याची पश्चिमेकडील कड इतकी तीव्र असते की तेवढ्या अंतरात दोन फुटांचे काही इंच होतात. दुर्दैवाने त्या दिवशी देशातील सर्वांत मोठे शहर नेमके त्या कडेवर होते.

दुसरी अडचण बर्फ मोजण्यातलीच आहे. मॉडेल, म्हणजे हवामानाचे गणित मांडणारी संगणक-प्रणाली, मुळात पाणी किती पडेल हे काढते आणि त्याचे बर्फात रूपांतर नंतर करावे लागते. एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो, हा ढोबळ ठोकताळा. ओलसर, जड बर्फात हे प्रमाण पाचावर येते, तर कोरड्या, भुसभुशीत बर्फात वीस किंवा त्याहूनही वर जाते. ढगातील उणे १२ ते उणे १८ अंश सेल्सियसच्या थरात हवा जोराने वर चढत असेल, तर फांद्या फुटलेले मोठे स्फटिक तयार होतात आणि ते एकमेकांत पोकळी ठेवून साचतात. म्हणून पाण्याचा अंदाज तंतोतंत बरोबर येऊनही बर्फाचा आकडा निम्म्याने चुकू शकतो.

मेघदर्शी :
वरील विवेचन मान्य आहे, पण सगळा दोष वादळाच्या मार्गावर टाकणे मला पटत नाही. अनिश्चितता सांगायची कशी, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. युरोपीय हवामान केंद्राचे मॉडेल एकदाच चालवून थांबत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून त्याच्या आणखी पन्नास आवृत्त्या चालवतात, आणि अमेरिकी मॉडेलच्याही अशा तीस आवृत्त्या असतात. त्या एकमेकींच्या जवळ राहिल्या तर विश्वास वाढतो, विखुरल्या तर एकच आकडा सांगणे ही दिशाभूल ठरते. हवामान सेवेची स्थानिक कार्यालये आता अपेक्षित आकड्यासोबत किमान व कमाल शक्यतेचे आकडेही देतात. माझ्या मते वाचावेत ते हेच, मधला आकडा नव्हे.

मार्च २०१७ मधील प्रसंग यासाठी बोलका आहे. वादळाच्या आदल्या दिवशीच अंदाजकर्त्यांना दिसू लागले होते की न्यूयॉर्कमध्ये भुसभुशीत बर्फाऐवजी बर्फाचे कण (वितळून वाटेतच पुन्हा गोठलेले टणक थेंब) पडतील आणि साठा कमी होईल. तरीही ऐनवेळी अंदाज बदलल्यास लोक गोंधळतील व बेसावध राहतील, या भीतीने मोठे आकडे कायम ठेवण्यात आले, असे अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. सेंट्रल पार्कमध्ये ७.६ इंच बर्फ पडला. हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही; पण हाती असलेली माहिती लोकांपासून दूर ठेवल्याने पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी होते.

गारठा :
चर्चा बर्फाच्या इंचांभोवतीच फिरते आहे. खरी दैना गोठणारा पाऊस करतो, आणि त्याचा अंदाज त्याहून नाजूक असतो. जमिनीवर उणे दोन अंश आणि दीड किलोमीटर उंचीवर अधिक तीन अंश तापमान असेल, तर वरून येणारा हिमकण त्या उबदार थरात पूर्ण वितळतो. खालचा थंड थर उथळ असेल तर थेंबाला पुन्हा गोठायला वेळ मिळत नाही. तो शून्याखालच्या तापमानातही पाणीच राहतो आणि फांदी, तार किंवा रस्त्याला स्पर्श होताच काचेसारखा चिकटतो. तोच थर जाड असेल तर वाटेतच बर्फाचे कण होतात, जे उसळून बाजूला पडतात आणि तारांवर साचत नाहीत. एका अंशाच्या फरकाने परिणाम असा पालटतो.

ॲपलेशियन पर्वताच्या पूर्वेकडे, व्हर्जिनिया आणि कॅरोलायनांमध्ये, उत्तरेकडून आलेली जड थंड हवा डोंगराला अडून बसते. मॉडेल तिला अनेकदा वेळेआधीच हटवून टाकतात, म्हणून तिथले अनुभवी अंदाजकर्ते संगणकापेक्षा थंडी अधिक काळ टिकेल असेच धरून चालतात. यात आणखी एक मेख आहे : पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे धो-धो पावसातले बरेचसे पाणी वाहून जाते, तर रिमझिम पाऊस जास्त परिणामकारकपणे थर चढवतो. बहुतेक भागांत पाव इंच थराची शक्यता असली की हिमलेपाच्या वादळाचा इशारा दिला जातो, आणि अर्ध्या इंचावर वारा सुटला तर तारा तुटू लागतात.

आकड्याचा आणि परिणामाचा संबंध किती सैल असतो, हे २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटात दिसले. बर्फ पडला जेमतेम अडीच इंच. पण तो रस्त्यांवर गोठला, सारे शहर एकाच वेळी घरी निघाले आणि हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली.

हिमरेषा :
सर्वांचे आभार. मग सरोवरांकाठच्या बफेलोसारख्या शहरांचे काय? तिथे तर मोठे वादळ नसतानाही कित्येक फूट बर्फ पडतो.

वातकुक्कुट :
तिथे यंत्रणा वेगळी आहे. ईरी सरोवराचे पाणी अजून उबदार असताना त्यावरून अतिथंड हवा लांबवर वाहत आली की बाष्पाचा एक अरुंद पट्टा तयार होतो. दीड किलोमीटर उंचीवरील हवा पाण्यापेक्षा निदान १३ अंशांनी थंड असावी लागते, हा जुना निकष आजही वापरतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला आणि उत्तरेला काही किलोमीटरवर मोजके इंच. पट्टा तयार होणार, हे आधी सांगता येते. तो नेमका कोणत्या वस्तीवर ठाण मांडेल, हे वाऱ्याच्या दिशेतील अगदी थोड्या बदलावर ठरते.

मेघदर्शी :
मोबाइलवरील नकाशांचा प्रश्न राहिला. ते बहुधा एकाच मॉडेलच्या एकाच फेरीचे असतात आणि अमेरिकी मॉडेल दर सहा तासांनी नवी फेरी काढते, त्यामुळे सकाळचे दोन फूट संध्याकाळी नाहीसे होतात. त्यातले कित्येक नकाशे सरसकट दहास एक हे प्रमाण लावतात आणि बर्फाचे कणही बर्फ म्हणूनच मोजतात. दहा दिवस आधी ते वादळ अनेकदा जन्मलेलेही नसते, आणि वातावरणातील ज्या लहरीतून ते घडायचे ती पॅसिफिकवर असते, जिथे हवामान मोजणारे फुगे सोडणारी केंद्रे फार विरळ आहेत. उपग्रह आणि विमानांतून टाकलेली उपकरणे ही उणीव काही अंशी भरून काढतात. म्हणून पाच दिवसांपलीकडे फक्त 'वादळाची शक्यता आहे का' एवढेच पाहावे, इंच पाहू नयेत. आकड्यांकडे दोन दिवस उरल्यावर वळावे, आणि तेव्हाही किमान-कमाल पट्ट्यासकट.