व्हेरिगेटेड बोगनवेल हिरवीच व्हायला लागलीय, ती फांदी कापू का?

गच्चीवाली
नमस्कार मंडळी, आम्ही जुळे सोलापुरात राहतो, बाग म्हणजे गच्चीवरच्या कुंड्याच. दोन वर्षांपूर्वी आत्यानं एक व्हेरिगेटेड बोगनवेल दिलेली, पान मधे हिरवं नि कडेला क्रीम, फुलं गडद राणी कलरची, पहिल्या हिवाळ्यात अशी फुलली की खालनं जाणारे थांबून वर बघायचे. यंदा पावसाळ्यात बुडाजवळनं एक फांदी सुटली आणि महिन्याभरात माझ्या डोक्याच्या वर गेली, पण तिच्यावर एक पण पांढरट पान नाही, सगळी हिरवीगार, आणि बाकीचं झाड तिच्यापुढं मरगळलेलं दिसतं. शिवाय शेंड्याकडची नवीन पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. एप्रिलात क्रीम कडा करपून तपकिरी झालेल्या ते वेगळंच. पाणी रोज घालते, बोअरचं, शेणखत दर महिन्याला. सासूबाई म्हणतात एवढी जोमाची फांदी कशाला कापतीस, आणि खरं सांगायचं तर माझा पण हात होत नाही. काय करू?

काळी_माती
कापा की ओ ताई, आजच कापा. पानाचा जो भाग पांढरा असतो तिथं हरितद्रव्य नसतं, म्हणजे तेवढा भाग झाडासाठी अन्नच करत नाही, आणि ही पूर्ण हिरवी फांदी पानभर अन्न करते म्हणून ती दुप्पट वेगानं पळते, एक-दोन वर्षं ठेवली तर आत्यांनी दिलेलं झाड तुमच्याकडं राहणार नाही, साधी हिरवी बोगनवेल राहील. पण कापायच्या आधी एक बघा, ती फांदी नेमकी कुठनं निघालीय. नर्सरीवाले कधीकधी साध्या बोगनवेलीवर कलम बांधतात, खोडावर गाठीसारखी जागा असेल आणि फांदी तिच्या खालनं आली असेल तर ती खालच्या झाडाची, तिला फुलं पण वेगळ्या रंगाची येतील. गाठीच्या वर असेल तर तुमचंच झाड परत हिरव्याकडं वळलंय. दोन्हीत कापायचीच, पण अर्ध्यातनं नको, जिथनं फुटली तिथं खोडाला लागून कापा, खुंटी ठेवली तर तिच्या डोळ्यांतनं परत हिरवंच येतं. जाड हातमोजे घाला, काटे लई वाईट असतात. माझ्याकडं थिम्मा जातीची बोगनवेल आहे, तिची पानं हिरवी-पिवळी आणि फुलं एकाच झाडावर पांढरी नि राणी दोन्ही, तिला पण दर पावसाळ्यानंतर असं बघावंच लागतं.

अक्कलकोट_रोड_बाग
फांदीचं काकांनी बरोबर सांगितलं, मी पिवळ्या पानांचं बोलते. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. मातीत लोह नसतं असं नाही, आपली काळी माती चुनखडीची नि बोअरचं पाणी जड, त्यात लोह असून झाडाला उचलता येत नाही. तुमच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर बसलाय का बघा, बसला असेल तर तेच. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातलं, फवारायचं असेल तर ईडीटीएवालं लिटरला अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचएवालं घ्या, महाग आहे पण चुनखडीच्या मातीत तेच टिकतं. आणि जमेल तेवढं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा. जी पानं पिवळी झालीत त्यांच्याकडं बघू नका, पुढची पानं कशी येतात ते बघा.

विजापूर_रोडवाला
मला वाटतं मूळ घोटाळा पाण्याचा नि शेणखताचा आहे. रोज पाणी आणि दर महिन्याला खत म्हणजे बोगनवेलीला फुलायची गरजच वाटत नाही, ती नुसती पानं काढत बसते, आणि मुळं सतत ओली राहिली की ते लोहाचं दुखणं पण वाढतं. बोट घालून बघा, दोन इंच कोरडं लागलं की मगच भरपूर पाणी. दिवाळीनंतर थोडा ताण द्या, पानं जरा लोंबायला लागली की पाणी, मग फुलोरा येतो. खरं फूल म्हणजे मधली ती बारीक पांढरी नळी, आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानंच, ती नवीन फुटीवर येतात, म्हणून आत्ता हलकी छाटणी करून घ्या. मात्र एप्रिल-मे मधे ताणबिण नाही हां, ४२-४३ डिग्रीत कुंडीतली मुळं शिजतात. मी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत भुसा भरतो आणि मातीवर कडब्याचे तुकडे पसरतो. कडा करपतात त्या बहुतेक पश्चिमेच्या भिंतीच्या झळीनं, उन्हाळ्यापुरती कुंडी पूर्वेच्या बाजूला सरकवा, सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं तरी फुलते.

गच्चीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी कापली. खोडावर गाठ नाही, म्हणजे झाड आमचंच वळलेलं. कापल्यावर लक्षात आलं, त्या फांदीखाली दबलेल्या एका काटकीवर तीन बारकी पानं आलीत, कडा अगदी दुधासारख्या, नखाएवढं पान पण पट्टा स्पष्ट. ती इतके दिवस सावलीत होती, दिसलीच नव्हती. कुंडीच्या काठावर पांढरा थर पण आहे, चांगला खरवडून निघाला. कापलेल्या फांदीच्या कांड्या लावल्या तर चालतील का? सासूबाईंना फेकवत नाहीये.

काळी_माती
लावा की, पेन्सिलीएवढ्या जाड घ्या, वीतभर लांब, खालची पानं काढून वाळू मिसळलेल्या मातीत सावलीला ठेवा. बहुतेक हिरव्याच येतील, कंपाउंडला सासूबाईंच्या म्हणून लावा. आणि त्या तीन पानांच्या काटकीला ऊन लागेल अशी कुंडी फिरवा, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फोटो टाका.