कालवांचा मेळा बून हॉलच्या मळ्यावरच का भरावा?

(चर्चा; मथळ्यांत सहभागींची टोपणनावे)

खाजणकाठ (मूळ मांडणी)

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहराच्या आसपास, कालवांचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालतो. पाणी तापू लागले की कालवे काढणे बंद होते. या हंगामातला सर्वांत मोठा मेळा म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या एका रविवारी शेजारच्या माउंट प्लेझंट गावात भरणारा ‘लोकंट्री ऑयस्टर फेस्टिव्हल’. हजारो माणसे लाकडी टेबलांभोवती उभी असतात, एका हातात जाड मोजा आणि दुसऱ्या हातात आखूड सुरी घेऊन समोरच्या बादलीतली वाफाळती कालवे फोडून खातात आणि शिंपल्यांचे ढीग लावतात. या एका दिवसासाठी 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन कालवे लागतात, असा आकडा आयोजकांकडून वर्षानुवर्षे सांगितला गेला आहे. या खाण्याला किंवा गर्दीला माझा अजिबात विरोध नाही. ज्या मराठी माणसाने कोकणात भरतीओहोटीच्या खडकांवरून कोयत्याने कालवे काढणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्याला या मेळ्यात परके वाटण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप जागेला आहे. हा मेळा बून हॉल या जुन्या मळ्यावर भरतो. ओक वृक्षांच्या दुतर्फा रांगेच्या टोकाला दिसणारे आणि प्रत्येक छायाचित्रात येणारे तिथले भव्य घर 1936 साली बांधलेले आहे. खरोखर जुन्या आहेत त्या वाटेलगतच्या नऊ विटांच्या खोल्या, ज्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गुलाम म्हणून राबवलेली माणसे राहिली आणि त्याच माणसांनी या मळ्यावरच्या भट्ट्यांत विटाही भाजल्या. मेळ्याला आलेला माणूस या खोल्यांकडे न वळता पूर्ण दिवस आनंदात घालवून घरी जाऊ शकतो, आणि बहुतेक जण तसेच करतात.

चार्ल्स्टनचे म्हणून जे अन्न ओळखले जाते, त्यातला तांदूळ, भेंडी, चवळी आणि कोलंबी-कालवे रांधण्याची पद्धत आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांनी आणि गल्ला-गीची (थोडक्यात गल्ला) म्हणवल्या जाणाऱ्या त्यांच्या वंशजांनी घडवली. यादवी युद्धानंतर कित्येक दशके या शहराला ताजी मासळी पुरवली ती ‘मॉस्किटो फ्लीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय कोळ्यांच्या छोट्या होड्यांनी. ज्यांच्या हातचे हे अन्न, त्यांच्या पूर्वजांच्या बंदिवासाची जागा मौजेचे अंगण म्हणून वापरली जाते, याची खंत शहराला वाटायला हवी. कलेच्या क्षेत्रात हेच शहर यापेक्षा पुढे गेले आहे. 1807 साली सेनेगलमधून चार्ल्स्टनच्या बंदरात आणून विकल्या गेलेल्या ओमर इब्न सईद या विद्वानावरचा संगीतनाट्याचा प्रयोग रिआनन गिडन्स आणि मायकल एबल्स यांनी रचला, आणि तो 2022 साली येथील स्पोलेटो या वार्षिक कलामहोत्सवातच पहिल्यांदा झाला. पुढच्या वर्षी त्याला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. रंगमंचाला जे साधले ते जेवणाच्या टेबलाला का साधू नये? मेळा नदीकाठच्या एखाद्या सार्वजनिक उद्यानात हलवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कूपरतीर

मी या मताशी पूर्णपणे असहमत आहे, आणि हे बेफिकिरीने म्हणत नाही. बून हॉल आजही चालती शेती आहे: वसंतात तिथे स्ट्रॉबेरी तोडायला लोक येतात, ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांसाठी मुलांची झुंबड उडते. गेल्या काही दशकांत माउंट प्लेझंटमध्ये जी जमीन मोकळी होती तिच्यावर घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ही एवढी जमीन टिकली, कारण तिच्यावर माणसे येत राहिली आणि उत्पन्न होत राहिले. त्या नऊ खोल्या आज उभ्या आहेत, त्यांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे, गल्ला वंशाचे कलावंत तिथे गाणी आणि कथा सादर करतात, हेही त्याच उत्पन्नातून होते. मेळा हलवला तर त्या खोल्यांना भेट देणारी माणसे वाढतील की घटतील, याचे उत्तर मूळ लेखकाने द्यावे.

दुसरे असे की जागेचा न्याय लावायचाच असेल तर तो सर्वत्र लावावा लागेल. स्पोलेटोच्या सकाळच्या मैफली ज्या डॉक स्ट्रीट थिएटरात होतात, ती वास्तू एकोणिसाव्या शतकात ‘प्लँटर्स हॉटेल’ होती, म्हणजे मळेवाल्यांची उतरण्याची जागा. 1937 साली तिचे नाट्यगृह झाले. उत्तर अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी जवळजवळ 40 टक्के या एकाच बंदरातून उतरले, असा अंदाज नेहमी दिला जातो. अशा शहरात निर्मळ जमीन शोधायला निघालेल्या माणसाला एकही अंगण सापडणार नाही.

ओहोटी

डॉक स्ट्रीटच्या वास्तूत आज हॉटेल चालत नाही, हा फरक नजरेआड करू नये. मळ्यांवरच्या समारंभांबाबत समाजाचे मत आता बदलले आहे. रायन रेनॉल्ड्स आणि ब्लेक लाइव्हली या चित्रपट कलाकारांचे लग्न 2012 साली बून हॉललाच झाले होते, आणि 2020 साली रेनॉल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच्या आदल्याच वर्षी लग्नांची माहिती देणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी मळ्यांची भलामण आवरती घेतली. लग्नाला जी जागा अनुचित ठरते, ती बिअर आणि कालवांना उचित कशी ठरते?

लव्हाळी

दोन्ही बाजूंनी जागेवर एवढा जोर दिला आहे की माणसे मागे पडली, असे मला वाटते. बून हॉलपासून जवळच, सतरा क्रमांकाच्या महामार्गाच्या कडेला लाकडी टपऱ्यांमध्ये गल्ला बायका स्वीटग्रास या गवताच्या टोपल्या करत बसलेल्या दिसतात. गवताची पेंडी हातात धरून तिच्याभोवती ताडाच्या पात्याची पट्टी ओवत जायची, आणि भोक पाडायला जुन्या चमच्याच्या दांड्याला टोक काढून केलेले हत्यार वापरायचे. एक मध्यम टोपली पुरी व्हायला कित्येक दिवस लागतात. ही कला आली भाताच्या शेतीबरोबर. कांडलेला भात पाखडण्यासाठी जी रुंद, उथळ टोपली गुलामांना करावी लागे ती म्हणजे आपले सूपच, फक्त गोल. दक्षिण कॅरोलायनाने 2006 साली या कलेला राज्याच्या अधिकृत हस्तकलेचा मान दिला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने उत्तर कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा गल्ला-गीची वारसापट्टा म्हणून जाहीर केला.

मान मिळाला, पण गवत मिळेनासे झाले. स्वीटग्रास वाळूच्या टेकाडांमागे आणि खाजणाच्या कडेने उगवते, आणि नेमकी तीच जमीन बंगल्यांना आणि गोल्फच्या मैदानांना हवी असते. पूर्वी ज्या वाटांनी बायका गवत उपटायला जात, तिथे आता खासगी वसाहतींची फाटके आहेत. रस्ता रुंद होत गेला तशा टपऱ्याही मागे सरकल्या. त्याहून मोठा घाव जमिनीच्या हक्काचा आहे: मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलेल्या सामाईक जमिनीतल्या दूरच्या एका वारसाचा हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घ्यायचा आणि मग न्यायालयाकडून संपूर्ण जमिनीची विक्री मागायची, या मार्गाने कित्येक गल्ला कुटुंबांच्या जमिनी गेल्या. मेळा बून हॉलला भरो की नदीकाठी, त्याच्या तिकिटातला ठरलेला हिस्सा या जमिनी राखण्याच्या न्यायालयीन खर्चाला जात नसेल, तर जागा बदलून आपल्या मनाचे समाधान होईल, टोपली विणणारीच्या आयुष्यात फरक पडणार नाही.

मुदपाकखाना

मी चार्ल्स्टनच्या एका उपाहारगृहात काम करतो, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. जानेवारी हा आमच्या धंद्यातला भाकड महिना असतो. पर्यटक नसतात, अनेकांच्या पाळ्या कमी होतात, आणि अशा वेळी हा मेळा परिसरातल्या स्वयंपाक्यांना आणि वाढप्यांना काम देतो. त्याच्या उत्पन्नातून स्थानिक धर्मादाय संस्थांनाही वाटा दिला जातो. हजारो मोटारी उभ्या राहतील, कालवे वाफवायच्या मोठ्या भट्ट्या मांडता येतील आणि शिंपल्यांचे ढीग उचलता येतील, एवढी जागा शहरात मिळणे सोपे नाही. शिंपले हा कचरा नाही, हेही सांगायला हवे: राज्याचे नैसर्गिक संपदा खाते ते गोळा करते आणि पुन्हा खाडीकाठी टाकते, कारण कालवांची पिल्ले जुन्या शिंपल्यांना चिकटूनच वाढतात.

स्पोलेटोचा आदर्श मात्र मला मान्य नाही. संगीतकार जियान कार्लो मेनोत्ती यांनी 1977 साली तो महोत्सव इथे आणला, महापौर जोसेफ रायली यांनी त्याला आधार दिला, शहराचा मध्यभाग सजला, आणि मग त्या मध्यभागात घर घेणे आमच्यासारख्यांना अशक्य झाले. 1980 साली शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जवळजवळ निम्मे होते. 2020 च्या जनगणनेत ते पाचवा हिस्साही उरले नव्हते. यात नवी उपनगरे शहरात सामील झाल्याचाही भाग आहे, तरी द्वीपकल्पावरच्या जुन्या वस्त्या रिकाम्या झाल्या हे कोणीही नाकारणार नाही. ओमरची कथा ज्या शहरात गायली गेली, त्याच शहरातून ती ज्यांची आहे ती माणसे बाहेर ढकलली जात होती. त्यापेक्षा वर्षातून एक दिवस भरणारा कालवांचा मेळा निरुपद्रवी आहे.

खाजणकाठ

मुदपाकखाना यांनी दिलेले आकडे गंभीर आहेत आणि त्यांचा रोखही योग्य आहे, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. मोठ्या उत्सवांना लोकांनी जाब विचारला तेव्हाच ते बदलले. चार्ल्स्टनच्याच वस्तीवर बेतलेला ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा 1935 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला, पण प्रेक्षागृहातल्या वर्णभेदाच्या नियमांमुळे तो चार्ल्स्टनमध्ये 1970 पर्यंत होऊ शकला नाही. 2016 साली स्पोलेटोने तो केला तेव्हा त्याचे दृश्यरूप जोनाथन ग्रीन या गल्ला चित्रकाराकडे होते. महागड्या तिकिटांच्या बाहेर राहिलेल्या स्थानिक कलावंतांसाठी शहराने 1979 पासून ‘पिकोलो स्पोलेटो’ सुरू केला, ज्यातले बरेच कार्यक्रम विनामूल्य किंवा अल्प दरात असतात, आणि आफ्रिकन-अमेरिकन व कॅरिबियन कलांसाठी दरवर्षी शरद ऋतूत ‘मोजा’ महोत्सव भरतो. असा दबाव खाद्यमेळ्यांवरही आणायला हवा.

लव्हाळी यांचा तिकिटातल्या हिश्श्याचा मुद्दा मी माझ्या मागणीत जोडून घेतो. आयोजकांना आपण एक पत्र पाठवावे; त्यात तो पहिला असावा आणि जागेचा मुद्दा त्यानंतर यावा. टोपल्या करणाऱ्यांना आणि गल्ला स्वयंपाकिणींना विनाभाडे गाळे मिळावेत, हेही त्यात असावे. कूपरतीर यांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की भेट देणारे घटतील अशी भीती असेल तर त्या खोल्या पाहण्यासाठी येणाऱ्यांची सोय वर्षभर करावी. कालवे खायला आलेला माणूस चुकून तिकडे वळेल, या आशेवर इतिहास सोपवू नये.

कूपरतीर

हिस्सा आणि गाळे या दोन्ही मागण्यांवर मी सही करीन, आणि त्या पत्रात आणखी एक वाक्य घालावे असे सुचवीन: मेळ्याच्या दिवशी प्रवेशाची वाट त्या नऊ खोल्यांसमोरूनच काढावी, आणि प्रत्येक खोलीपाशी तिथल्या माणसांविषयी सांगणारे गल्ला निवेदक, योग्य मानधन देऊन, उभे करावेत. जागा बदलण्याच्या कलमावर मात्र माझी सही मिळणार नाही. नदीकाठच्या उद्यानात गेल्यावर हा मेळा कुठल्याही शहरात भरावा तसा होईल, आणि मग आयोजकांना गुलामगिरीबद्दल विचारायचे कारणच कोणाकडे उरणार नाही. पत्राचा मसुदा दोन भागांत करावा, म्हणजे ज्यांना पहिला भाग मान्य आहे त्यांना दुसऱ्यासाठी अडून राहावे लागणार नाही.