'ईस्टर एग'ला मराठीत काय म्हणावे: मेख, खूण की खोच?

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड उद्यानात पहिल्यांदा नजरेतून सुटणाऱ्या आणि पुन्हा गेल्यावर सापडणाऱ्या मुद्दाम दडवलेल्या गोष्टींना इंग्रजीत 'ईस्टर एग' म्हणतात, त्यांना मराठीत काय म्हणावे? भाषांतरात 'मेख' लिहिले, पण कानाला खटकते आहे.

धोंडूतात्या: खटकणारच. 'यात एक मेख आहे' म्हटले की ऐकणारा तोटा शोधू लागतो. 'गोम'ही नको, ती घोड्याच्या अंगावरची अशुभ खोड.

कूटप्रेमी: सगळ्यांना एकच शब्द लावू नका. मिकी माउसचे डोके आणि कान दाखवणारी तीन वर्तुळे ही 'छुपी खूण'. मोठ्या वर्तुळाला टेकलेले दोन सारखे, लहान कान असतील तरच ती मिकी, नाहीतर कुठलेही तीन बुडबुडे मिकी ठरतील. हाँटेड मॅन्शन या भुताच्या वाड्याच्या सफरीत, मेजवानीच्या दालनात एक मोठी ताटली आणि दोन बश्या अशी ती मांडलेली असते. भांडी जरा सरकली की खूण मोडते. शिवाय साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत सणासाठी सजावट बदललेली असते, तेव्हा तिथे ती सापडली नाही तर डोळ्यांना दोष देऊ नये.

उद्यानाच्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर या भागातल्या रेल्वे स्टेशनातली तारयंत्राची टकटक मात्र 'कूटसंदेश'. त्यात १७ जुलै १९५५ च्या उद्यानाच्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात आहे. आजचा आंतरराष्ट्रीय मोर्स (ठिपके-रेघांची तारेची लिपी) येणाराही तिथे अडखळतो, कारण तो जुना अमेरिकी रेल्वेचा मोर्स आहे. त्यात 'ओ' म्हणजे मध्ये फट असलेले दोन ठिपके आणि 'एल' म्हणजे एक लांब रेघ. यंत्र पिपाणीसारखे वाजत नाही, नुसते टकटकते. दोन टकटकींमधले अंतर मोजून वाचायचे.

धोंडूतात्या: आणि इंडियाना जोन्सच्या सफरीसाठी रांग लागते तिथल्या भिंतींवरचा मजकूर? ती 'कूटलिपी'. देऊळ भारतातले दाखवले आहे, म्हणून देवनागरी शोधाल तर फसाल. ती वळणे बदललेली इंग्रजी अक्षरेच आहेत. १९९५ साली ही सफर सुरू झाली तेव्हा उलगड्याची कार्डे वाटत असत.

प्रश्नकर्ता: उद्यानातल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरच्या इमारतींच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचे काय? तिथे काल्पनिक धंद्यांच्या पाट्यांवर उद्यान घडवणाऱ्यांची नावे आहेत.

कूटप्रेमी: ती 'नाममुद्रा', अभंगातल्या 'तुका म्हणे'सारखी. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर' कोरले आहे, त्याच जातीची. 'ईस्टर एग' हा शब्द या अर्थाने अशाच दडवलेल्या नावावरून आला: वॉरेन रॉबिनेटने अटारी या व्हिडिओगेम कंपनीच्या 'अ‍ॅडव्हेंचर' खेळात आपले नाव दडवले होते.

धोंडूतात्या: सगळ्यांना मिळून एकच शब्द हवाच असेल तर 'खोच'. बोलण्यातली खोच जाणत्यालाच कळते, न कळणाऱ्याचे काही अडत नाही. इथेही तसेच. फक्त 'खोचक' करू नका, ते टोचते.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असे: 'दुसऱ्या फेरीत ताटल्यांमधली खोच हेरली.' चालेल?

कूटप्रेमी: 'हेरली' छान. पण 'फेरी' नको, पाळण्याचीही फेरीच असते. 'दुसऱ्या खेपेला' म्हणा.