बास्तानचे खोरे: पाहिलेल्यांचे अनुभव

स्पेनमधील नवारा प्रांताच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सीमेलगत असलेले बास्तान हे डोंगरी खोरे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. सुरुवात मीच करते.

खोऱ्यातले मुख्य गाव एलिसोन्दो, तेथून मी अमायुरला गेले. गावात वेशीच्या कमानीतून शिरणारी एक लांब दगडी गल्ली आहे आणि वरच्या टेकडीवर किल्ल्याची जोती उरली आहेत. जुलै १५२२ मध्ये कास्तील या शेजारच्या स्पॅनिश राज्याच्या फौजेशी झुंजत सुमारे २०० जणांनी नवाराच्या राज्याचा हा ठाणेवजा किल्ला लढवला, आणि त्यांत फ्रान्सिस झेवियर यांचे थोरले बंधू मिगेल होते. गोव्यात लहानपणापासून आम्ही झेवियरांना पोर्तुगीजांबरोबर आलेले म्हणूनच ओळखत आलो. ते स्वतः एका पराभूत राज्यातले होते, हे मला त्या टेकडीवर उमगले. तेथील स्मारकस्तंभ १९२२ मध्ये उभारला गेला, १९३१ मध्ये सुरुंगाने उडवला गेला आणि १९८२ मध्ये पुन्हा उभा राहिला.

*

अमायुरची पाणचक्की चुकवू नये. तेथे मक्याचे पीठ गरम पाण्यात मळून, हाताने थापून तव्यावर भाजतात. त्याला तालो म्हणतात. माझ्या आईने त्याला बिनदिक्कत भाकरी म्हटले. मका अमेरिकेतून आलेला असल्याने ही 'परंपरा' आपल्या मिरचीइतकीच अलीकडची आहे, हा भाग वेगळा.

*

मला अरिस्कुनजवळची बोसाते वस्ती विसरता येत नाही. येथे आगोते नावाचे लोक राहत. धर्म तोच, भाषा तीच, तरीही शतकानुशतके त्यांना चर्चमध्ये मागे बसवले जाई आणि इतरांशी त्यांचे विवाह होत नसत. त्यांना समान वागणूक द्यावी, असे पोपने १५१५ मध्ये फर्मावूनही गावांनी ते मनावर घेतले नाही. सुतारकाम आणि दगडकाम मात्र त्यांच्याकडूनच करून घेतले जाई. वेगळे पाणवठे ठाऊक असलेल्या महाराष्ट्रातून आल्यामुळे मला यात नवल वाटले नाही, आणि त्याचीच लाज वाटली.

*

पाऊस गृहीत धरूनच जावे.

*

येथे प्रत्येक घराला नाव असते आणि अनेक आडनावे घरांवरूनच पडली आहेत. येथल्या बास्क भाषेत एचेबेरिया म्हणजे नवे घर, अर्थात आपले नवघरे. झेवियर हे नावही मुळात याच 'एचे बेरी'चे रूप आहे.