कान्येने दुसऱ्यांसाठी बीट्सच बनवत राहायला हवं होतं का?

दादरचा_डीजे
सरळच लिहितो. कान्ये वेस्टने, म्हणजे त्या अमेरिकन रॅपर-प्रोड्युसरने, २००५ नंतर माइक खाली ठेवला असता तरी माझं फार काही बिघडलं नसतं, पण दुसऱ्यांसाठी बीट्स (रॅपखालचं संगीत) बनवणं त्याने फारच कमी करून टाकलं ना, खरं नुकसान ते आहे. शिव्या घालायच्या तर घाला पण पूर्ण वाचून घाला.

२००० ते २००५ मधलं काम काढून बघा. रॅपर जे-झीचा अल्बम 'द ब्लूप्रिंट' (११ सप्टेंबर २००१ ला आला, हो, त्याच दिवशी), त्यात 'इझ्झो' याची, 'टेकओव्हर' याची, 'हार्ट ऑफ द सिटी' याची. एकात जॅक्सन फाइव्हच्या जुन्या गाण्याचा तुकडा, एकात द डोअर्सचा, एकात बॉबी ब्लँडचा, आणि तरी अल्बम कुठे तुकडे जोडल्यासारखा वाटत नाही. मग तालिब क्वेलीचं 'गेट बाय', त्यात निना सिमोनचं 'सिनरमॅन' काय घुमतं राव. ॲलिशिया कीजचं 'यू डोन्ट नो माय नेम'. लुडाक्रिसचं 'स्टँड अप', ते तर शुद्ध क्लबचं गाणं. आणि २००५ चा कॉमनचा 'बी', अकरातली दोन गाणी जे डिला या दुसऱ्या प्रोड्युसरची सोडली तर सगळी कान्येची, माझ्या मते त्याचं सगळ्यात स्वच्छ काम तेच.

जुनी सोलची रेकॉर्ड घ्यायची, स्पीड आणि पिच चढवायची, गायिकेचा आवाज कार्टूनसारखा बारीक करायचा आणि त्यालाच हूक (गाण्यातली लक्षात राहणारी ओळ) बनवायचं. वू-टँग क्लॅनच्या आरझेडएने हे आधी केलं होतं मान्य, पण त्याच्याकडे ते तळघरातलं वाटायचं, कान्येने ते रेडिओवर आणलं. आता रॅपर कान्ये. बोलायला मजेदार, फ्लो ठीकठाक, त्या काळात त्याच्यापेक्षा चांगले रॅपर डझनभर होते. त्याच्यासारखी बीट बनवणारे किती होते सांगा.

निळी_कॅसेट
अरे पण त्याला कुणी रॅप करूच देत नव्हतं हे तू सोयीने गाळलंस. कॅपिटल रेकॉर्ड्सबरोबर डील होता होता फिसकटलं. जे-झीच्या रॉक-अ-फेला लेबलमध्ये बीट्स घ्यायला सगळे तयार, पण हा रॅप करायला लागला की लोक इकडेतिकडे बघायचे. पोलो शर्ट, पाठीला बॅग, आई इंग्रजीची प्रोफेसर, हा कसला रॅपर असं चाललं होतं. शेवटी लेबलच्या डेम डॅशने साइन केलं त्यामागेही बीट्स दुसरीकडे जाऊ नयेत हा हिशेब होताच. 'लास्ट कॉल' गाण्यात ही सगळी स्टोरी त्याने बारा मिनिटं सांगितली आहे, मला कंटाळा येत नाही, ज्यांना येतो त्यांचंही पटतं.

आणि मग 'थ्रू द वायर'. ऑक्टोबर २००२ मध्ये स्टुडिओतून परतताना गाडीचा अपघात, जबडा तुटला, तारांनी बांधला, आणि या माणसाने तसाच, दात आवळलेल्या अवस्थेत व्हर्स (रॅपचं कडवं) रेकॉर्ड केला. खाली चाका खानचं 'थ्रू द फायर'. आता सांग, ही बीट तो जे-झीला विकणार होता? जे-झी त्यावर काय बोलणार होता? काही बीट्स विकायच्या नसतातच, त्या बनवणाऱ्याच्याच तोंडात बसतात.

बेस_जास्त
+१. 'जीझस वॉक्स' कुणी विकत घेतलं असतं तेही सांगा. देवावरचं गाणं रेडिओवर लावणार नाहीत हे गाण्यातच बोलून दाखवतो आणि मग तेच गाणं रेडिओवर वाजतं, ग्रॅमी घेतं. अंगावर काटा येतो अजून.

दादरचा_डीजे
'जीझस वॉक्स' लिहिताना रॅपर राइमफेस्ट बरोबर होता, क्रेडिट आहे त्याचं. म्हणजे शब्दांसाठी हात लागलाच, ड्रमसाठी लागला नाही. आणि 'गोल्ड डिगर' ऐकून ठेव, ते मुळात शॉना नावाच्या रॅपरसाठी होतं, तिने घेतलं नाही म्हणून याच्याकडे राहिलं आणि बिलबोर्डवर दहा आठवडे एक नंबर. त्या गाण्यात लोकांना काय आठवतं? रे चार्ल्स, जेमी फॉक्स आणि टाळ्या. कान्येचे व्हर्स नंतर.

बेस_जास्त
लग्नात डीजेने लावलं की तुझ्यासकट सगळे व्हर्स म्हणतात, मी पाहिलंय 😂

सूर_सांभाळा
एक बाहेरचा प्रश्न. दुसऱ्याचं गाणं उचलायचं, फास्ट करायचं, त्यावर ढोल टाकायचे, याला एवढं काय डोक्यावर घेताय? २००२ मध्ये लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' असंच उचललं होतं, 'ॲडिक्टिव्ह' नावाच्या गाण्यात, परवानगी नाही, नाव नाही, बप्पी लाहिरी कोर्टात गेले तेव्हा कुठे ताळ्यावर आले.

क्रेडिट_वाचणारी
ते गाणं ट्रुथ हर्ट्सचं होतं, बीट डीजे क्विकची आणि लेबल डॉ. ड्रेचं, कान्येचा काही संबंध नाही. आणि कोर्टात जे झालं ते बरोबरच झालं, परवानगी न घेता उचललं तर उचललंच म्हणायचं. पण परवानगी आणि पैसे देऊन सॅम्पल करणं, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा वापरणं, हे वेगळं, तिथे प्रश्न एवढाच की नवीन काही झालं का. चाका खानला स्वतःला तो पळवलेला आवाज आवडला नव्हता, तिने नंतर बोलूनही दाखवलं. तिचा हक्क आहे. मला मात्र ते गाणं त्या आवाजामुळेच आवडतं.

असो, मूळ मुद्द्यावर येते कारण तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, की बीट तो एकटा बसून बनवतो. सुरुवातीला बऱ्यापैकी तसं होतं. 'लेट रजिस्ट्रेशन' या त्याच्या दुसऱ्या अल्बमपासून नाही. तिथे जॉन ब्रायन आला, सिनेमांना संगीत देणारा माणूस, हिपहॉपचा फारसा अनुभव नाही, आणि एकदम व्हायोलिन-चेलोचा ताफा. 'स्ट्रॉंगर'मध्ये डाफ्ट पंकचं सॅम्पल सगळ्यांना माहीत असतं पण ड्रम बसेनात म्हणून टिंबालँडला बोलावलं होतं. 'हार्टलेस'वर नो आय.डी. आहे, ज्याच्याकडे कान्ये शिकागोमध्ये पोरवयात शिकला तोच. जेफ भास्कर, माइक डीन, ही नावं तर पुढे प्रत्येक पानावर. 'माय ब्युटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी'च्या वेळी होनोलुलूच्या स्टुडिओत आरझेडए, पीट रॉक, क्यू-टिप असे स्वतःच्या नावावर इतिहास असलेले लोक एका अल्बमसाठी आणून बसवले. 'यीझस'ला शेवटच्या काही आठवड्यांत रिक रुबिनला बोलावलं, आणखी वाढवायला नाही तर छाटायला.

म्हणजे २००५ नंतरचा कान्ये हा ना बीटवाला ना रॅपर, कुणाला कधी बोलवायचं आणि कुणाचं काय कापायचं हे कळणारा माणूस आहे. क्विन्सी जोन्स काय मायकल जॅक्सनच्या अल्बमवर प्रत्येक वाद्य स्वतः वाजवत होता का? हे कसब तुमच्या दोघांच्या हिशेबात कुठेच नाही.

दादरचा_डीजे
मुकादम म्हणा की मग. काम दुसऱ्यांचं, पाटी याची.

क्रेडिट_वाचणारी
तीच माणसं दुसरीकडे एकत्र बसवून तो अल्बम करून दाखव, मग मुकादम म्हण.

निळी_कॅसेट
माझं म्हणणं अजून पुरतं मांडलेलं नाही. '८०८ज अँड हार्टब्रेक' घ्या. २००७ च्या सप्टेंबरमध्ये 'ग्रॅज्युएशन' अल्बमने रॅपर ५० सेंटच्या त्याच दिवशी आलेल्या अल्बमला समोरासमोर हरवलं, पहिल्या आठवड्यात ९ लाख ५७ हजार प्रती विरुद्ध ६ लाख ९१ हजार, म्हणजे हा जगाच्या टोकावर. नोव्हेंबरमध्ये आई गेली. पुढच्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं. आणि मग सोल नाही, सॅम्पल जवळपास नाहीत, रॅप तर नावाला, फक्त रोलंडचं १९८० चं ८०८ ड्रम मशीन, ऑटोट्यूनमधून फाटका आवाज आणि मधे भरपूर रिकामी जागा. ज्याला गाता येत नाही तो पूर्ण अल्बम गातोय. लोकांनी तेव्हा कपाळाला हात लावला, आणि दोनेक वर्षांत ड्रेकपासून किड कडीपर्यंत (कडी तर त्या अल्बमवर होताच) अर्धं रॅप तसंच रडायला लागलं.

आता हा अल्बम नुसता प्रोड्युसर म्हणून करता आला असता का? समज हीच ट्रॅक्स त्याने एखाद्या चांगल्या गायकाला दिली असती. त्याने सुरात गायली असती आणि सगळं मेलं असतं. तो आवाज वाईट आहे म्हणूनच ते ऐकवतं. तू म्हणतोस आर्टिस्टने प्रोड्युसर खाल्ला, मी म्हणतो आर्टिस्ट नसता तर हा प्रोड्युसर आयुष्यभर सोलच्या रेकॉर्डी फिरवत बसला असता, आणि २००६ पर्यंत तशी बीट गल्लीतला कुणीही बनवायला लागला होता.

स्वारगेट_सायफर
हे बरोबर आहे. आपल्या पुण्याचा एमसी स्टॅन घ्या, स्वतःची बीट स्वतः बनवतो, त्यावर दुसरा कुणी आला तर जमतच नाही. कान्येच्या लेव्हलचा म्हणत नाहीये, आधीच सांगतो, लगेच अंगावर येऊ नका.

दुपारचा_चहा
तुम्ही सगळे २०१८ च्या आत बसून बोलताय. २०२२ मध्ये हा ज्यूंबद्दल जे बरळला, त्यावर ऑक्टोबरमध्ये आदिदासने करार तोडला, ते करिअरमध्ये धरायचं की नाही? मी तरी त्यानंतर नवीन काही लावलेलं नाही. जुनं लावतो, आणि लावताना थोडं विचित्र वाटतं, ते तसंच.

दादरचा_डीजे
धरायचंच. आणि हा माझ्याच बाजूचा मुद्दा आहे, काचेमागे बसून राहिला असता तर एवढ्या लोकांसमोर हे बोलायला व्यासपीठच नसतं मिळालं. नो आय.डी.चा चेहरा किती जणांना माहीत आहे?

दुपारचा_चहा
नाही हं. प्रसिद्धी मिळालेले सगळे असं बोलत नाहीत. जे बोलला ते त्याचं, त्याचं खापर माइकवर फोडू नकोस. आणि आजाराचंही कारण कुणी देऊ नका प्लीज, बायपोलर असलेले लाखो लोक द्वेष न पसरवता जगतात.

दादरचा_डीजे
ठीक, ते तिथे सोडतो, मूळ वादासाठी शेवटचा पुरावा देतो. २०१८. एकाच उन्हाळ्यात, त्याच माणसाने, वायोमिंगच्या डोंगरात बसून रॅपर पुशा टीचा अल्बम 'डेटोना' केला आणि आठवड्याने स्वतःचा 'ये'. दोन्हींत सातच गाणी. 'डेटोना' एकवीस मिनिटांत तुम्हाला भिंतीला टेकवतो, एक सेकंद फालतू नाही, प्रत्येक बीट जुन्या कान्येची. 'ये' मधलं 'घोस्ट टाउन' सोडून काय आठवतं? प्रयोगशाळेतसुद्धा इतकी सरळ तुलना मिळणार नाही. दुसऱ्यासाठी बसला की सोनं, स्वतःसाठी बसला की घाई.

क्रेडिट_वाचणारी
मग तो प्रयोग पूर्ण सांग की. त्याच उन्हाळ्यात 'ये'नंतर दोन आठवड्यांनी त्याने रॅपर नासचा 'नासिर' पण केला. तोही सातच गाण्यांचा, तोही दुसऱ्यासाठी, आणि समोर नाससारखा माणूस. त्यातलं एक गाणं गुणगुणून दाखव. आणि किड कडीबरोबरचा 'किड्स सी घोस्ट्स', ज्यात तो स्वतः अर्धा आर्टिस्ट आहे, तो त्या उन्हाळ्यातला 'डेटोना'च्या तोडीचा अल्बम आहे.

दादरचा_डीजे
'नासिर'मध्ये नासच झोपेत होता, त्यात बीटची काय चूक.

निळी_कॅसेट
वा. म्हणजे पुशा टीचं जमलं ते बीटमुळे आणि नासचं पडलं ते नासमुळे?

दादरचा_डीजे
हो. 'ॲडम अँड ईव्ह'ची बीट परत ऐक.

क्रेडिट_वाचणारी
ऐकली. बीट चांगली आहे. पण नास झोपलाय हे आपल्याला घरबसल्या कळलं, त्याच खोलीत बसलेल्या प्रोड्युसरला कळलं नाही?