टीडीआयच्या कामाला कार्ट्रिजचा मास्क पुरतो का?

ड्रमवाला
फोमच्या कामात टीडीआयचे, म्हणजे टोल्युइन डायआयसोसायनेटचे ड्रम मी अकरा वर्षं हाताळतोय. माझं मत स्पष्ट आहे. ड्रम उघडणं, सांडलेलं भरणं आणि फवारणी या कामांना कार्ट्रिजचा, म्हणजे हवा गाळणाऱ्या डबीचा मास्क वापरूच नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाराच मास्क हवा.

मुद्दा वासाचा आहे. आत वास यायला लागला की कार्ट्रिज बदलायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. टीडीआयचा उग्र वास नाकाला जाणवतो, तोवर हवेतलं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर गेलेलं असतं. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने २०१६ साली आठ तासांच्या सरासरीची शिफारस ०.००१ पीपीएमवर आणली. म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत एक भाग! माणसाच्या नाकाला हे कळणं शक्यच नाही.

माझ्या शेजारच्या पंपावरचा सहकारी मास्क लावायचा, वास आला की कार्ट्रिजही बदलायचा. शिफ्टमध्ये त्याला काही होत नसे. रात्री दीड-दोनला खोकल्याची उबळ यायची आणि उठून बसावं लागायचं. सुट्टीत बरा, कामावर आला की पुन्हा तेच. कित्येक महिने धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून औषधं चालली. शेवटी रिकामे ड्रम ठेवलेल्या खोलीच्या दारापाशी गेला तरी छातीतून शिटी वाजायला लागली, तेव्हा टीडीआयमुळे झालेल्या दम्याचं निदान झालं.

साठवण_बघणारा
सहकाऱ्याबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही तुमच्याशी सहमत नाही. मास्क हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे, आणि तुम्ही चर्चा तिथूनच सुरू केलीत. बंद पाइपातून पंपिंग, टाकीवर कोरडा नायट्रोजन, जोडणीच्या जागी ओढून घेणारा एक्झॉस्ट, हे असेल तर वाफ माणसापर्यंत येतच नाही. हवेच्या मास्कची नळी मागे ओढत माणूस दोन ड्रमच्या मधून जातो, ती अडकते, मग वैतागून तो मास्कच काढून ठेवतो. हे मी स्वतः पाहिलंय. त्यापेक्षा कार्ट्रिज घड्याळावर बदला. वेळ ठरवा, मास्कवर तारीख लिहा, वासाची वाट बघू नका.

शिवाय सगळी आयसोसायनेटं एका मापाने मोजू नका. एमडीआयची, म्हणजे फोमसाठीच वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या आयसोसायनेटची वाफ टीडीआयपेक्षा हजारो पटींनी कमी होते.

छटाक
भोपाळला १९८४ साली जे झालं ते याच घराण्यातल्या रसायनामुळे ना? मग मास्क कुठला यावर वाद कशाला, वापरच बंद करा.

साठवण_बघणारा
@छटाक, तिथे मिथाइल आयसोसायनेट होतं. ते ३९ अंशांनाच उकळतं, टीडीआय २५१ अंशांना. टीडीआय अख्ख्या वस्तीवर तसं पसरत नाही, ते जवळ काम करणाऱ्याचं नुकसान करतं. काळजी घ्यायचीच, पण काळजीची तऱ्हा वेगळी.

ड्रमवाला
घड्याळाचा मुद्दा मान्य, रोजच्या बंद कामाला तो चालेल. पण गळती घड्याळ बघून होते का? जोडणी सुटते आणि दोन-तीन लिटर जमिनीवर येतं. मग माणूस वाकून त्यावर भुसा किंवा वाळू टाकतो, गोळा करतो, वर धुण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण घातलेलं पाणी ओततो. हे करताना तोंड जमिनीजवळ, आणि टीडीआयची वाफ हवेहून सहा पट जड, म्हणजे तीही तिथेच. तेव्हा हवा किती खराब आहे हे कुणालाच माहीत नसतं, मग कार्ट्रिज किती वेळ टिकेल हे कशावरून ठरवणार?

आणि कृपा करून तो गोळा केलेला कचरा ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावू नका. आयसोसायनेटला पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मी असा एक ड्रम पाहिलाय. वरचं झाकण ताट उपडं ठेवल्यासारखं फुगलं होतं आणि बोट लावलं तर पत्रा ताणलेला. झाकण नुसतं सैल ठेवून दोन-तीन दिवस उघड्यावर राहू द्यायचा असतो.

फवारा
मी एमडीआयचा फोम फवारतो. वाफ कमी हे खरं, पण फवारताना नुसती वाफ नसते, थेंबही असतात, तेही गरम केलेल्या मालाचे. त्यामुळे 'एमडीआय सौम्य' हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नये. दुसरं म्हणजे त्वचा. नुसतं हाताला वारंवार लागूनही पुढे दमा उद्भवू शकतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, आणि डाग पडला की लगेच साबण-पाण्याने धुवा, थिनरने पुसू नका.
युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त मोकळं, म्हणजे प्रक्रिया न झालेलं डायआयसोसायनेट असलेला माल प्रशिक्षणाशिवाय वापरता येत नाही. मास्कवर वाद घालण्याआधी हे प्रशिक्षण सगळीकडे व्हायला हवं, असं मला वाटतं.

साठवण_बघणारा
गळती आणि फवारणीसाठी तुमचं म्हणणं मान्य, तिथे हवेचाच मास्क. ड्रम बदलताना मात्र मी एक्झॉस्टवरच भर देईन, यावर आपलं जुळणार नाही. एक विचारतो, तुमच्या सहकाऱ्याला हवेचा मास्क देऊन परत त्याच पंपावर घेता आलं नसतं का?

ड्रमवाला
नाही. एकदा शरीराने हे रसायन ओळखलं की मर्यादेच्या खालचं प्रमाणही त्याला दम लावतं, आणि मास्क काढल्यावर कपड्यांवरचं, दाराच्या मुठीवरचं राहतंच. त्याला दुसऱ्या इमारतीत काम दिलं. दोन वर्षं झाली, जिना चढताना अजून मध्ये थांबतो.