बेळगावात भाड्याचं घर : तुमचे अनुभव लिहा

शहापूरची लेक
काल संध्याकाळी दूध आणायला गेले होते, वाटेत आमचं जुनं घर लागलं. दाराला कागद चिकटवलेला. वर मराठीत 'घर भाड्याने देणे आहे', खाली तेच कन्नडात आणि फोन नंबर. मला घर नको होतं, तरी राहवलं नाही, तिथंच उभं राहून फोन लावला. दोन खोल्या, मागं मोरी, संडास बाहेर आणि सामाईक. महिना 7500, डिपॉझिट 75 हजार.

याच दोन खोल्यांत आम्ही पाचजण 1991 ते 2006 राहिलो. मालकीणबाईंना आम्ही आज्जीच म्हणायचो. एक तारखेला बाबा भाडं घेऊन जायचे, त्या एका बारक्या वहीत लिहायच्या, खाली दोघांच्या सह्या. शेवटचं भाडं 600 होतं. बाबा गेल्यावर ती वही आईनं ट्रंकेत ठेवलीय, काल काढून बघितली. बाबांची फाउंड्री बंद होती त्या वर्षी सलग तीन महिन्यांपुढं आज्जींनी फक्त 'नंतर' लिहिलंय. चौथ्या महिन्यात सगळं एकदम जमा. मधे एकदाही त्यांनी घर खाली करा म्हटलं नाही.

आता माझा भाऊ वडगावात भाड्यानं राहतोय. पगार 19 हजार, दोन पोरं शाळेत. मालकानं पुढच्या महिन्यापासनं 6500चे 8500 मागितलेत, नाहीतर घर सोडा. रात्रभर झोप लागली नाही मला. तुमच्याकडं काय चाललंय, कसं भागवताय, लिहा.

मच्छेकर
आमचं पण असंच. टिळकवाडीतनं अनगोळ, अनगोळातनं मच्छे. दर वेळी भाडं वाचतंय असं वाटतं आणि ते पेट्रोलमध्ये जातंय. पोरीची शाळा अजून टिळकवाडीतच आहे, सकाळी वाटेत अडकलो की तिला उशीर.

खासबाग
आम्ही विणकर. आमच्या घरभाड्याचं गणित जरा वेगळं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आम्हाला नुसत्या झोपायला खोल्या नको असतात. माग बसवायला खालचाच मजला लागतो, घट्ट जमीन लागते, दोन माग आणि बाजूला सुताच्या कांड्या भरायला जागा. वरच्या मजल्यावर यंत्रमाग चालत नाही, हादरा बसतो. आमच्या वडिलांच्या वेळी खासबाग-वडगावात घर भाड्यानं देताना 'माग किती?' हेच विचारायचे. आता माग म्हटलं की नवीन मालक फोनच ठेवतो. आवाज नको, धूळ नको, भिंतीला तडे नको. आमच्या मालकाच्या मुलानं सांगितलंय, दिवाळीनंतर हे पाडून वर तीन मजले काढणार, खोल्या करून पोरांना भाड्यानं देणार. बरोबर आहे, त्याला एका खोलीचं जे मिळणार ते मी दोन माग चालवून देऊ शकत नाही. साडीमागं मजुरी मिळते ती मालकाच्या भाड्यासारखी वाढत नाही.

सामान टेम्पोत घालून नेता येतं ओ. माग उतरवून दुसरीकडं उभा करायचा म्हणजे पंधरा दिवस काम बंद, आणि त्या पंधरा दिवसांचं भाडं दोन्ही घरांचं.

मच्छेकर
@खासबाग, काका, धामण्याकडं बघितलं का? तिथं खालचे मजले मिळतात म्हणे.

खासबाग
बघितलं. मिळतंय, पण सूत देणारा सावकार एवढ्या लांब यायला तयार नाही.

नर्सिंगवाली
मी खानापूरची. नेहरूनगरात पीजीत राहतो, एका खोलीत चौघी. प्रत्येकी 4500, जेवण वेगळं. पहिलं वर्ष मी रोज खानापूरहून येऊन जाऊन केलो. रात्रपाळी लागली तसं जमेना. भाडं वाढवताना पीजीवाल्या काकू कधी विचारत नाहीत, वॉट्सॲपवर मेसेज येतो फक्त. आईला अजून 4000च सांगितलंय, वरचे 500 मी जेवणातनं काढतो.

शहापूरची लेक
@नर्सिंगवाली, अगं बाळा, जेवणातनं नको काढू. रविवारी सुट्टी असली तर आमच्याकडं जेवायला ये, खरंच सांगते.

गणेशपूर
डिपॉझिटबद्दल कोणीतरी बोला. 10 महिन्यांचं भाडं आधी द्यायचं ही बेंगळूरची पद्धत इथं आली. आणि घर सोडताना रंगाचे म्हणून कापून घेतात. माझे 18 हजार कापले, आम्ही भिंतीला एक खिळा मारला नव्हता.

कोर्टात कारकून होतो
निवृत्त आहे, थोडं माहितीचं सांगतो. करार 11 महिन्यांचा करतात कारण एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, तो खर्च कोणालाच नको असतो. कर्नाटकाचा 1999चा भाडे कायदा आहे, पण त्यातली भाड्याची मर्यादा तेव्हाची. 3500च्या वर भाडं असेल तर तो कायदा लागूच होत नाही. म्हणजे आज जवळजवळ कोणालाच नाही. तरी महिन्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'उद्या सामान काढा' असं कोणी म्हणू शकत नाही. डिपॉझिट कधीही रोख देऊ नका, बँकेतनं द्या. घरात जाताना आणि सोडताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढा.

गणेशपूर
धन्यवाद काका. हे तेव्हा माहीत असतं तर.

वरचा मजला
मी मालकीणबाई आहे, सगळे मालकांवर बोलताय म्हणून लिहिते. मिस्टर गेले, पेन्शन नाही. वरच्या दोन खोल्यांचं 7000 भाडं हेच माझं उत्पन्न. घरपट्टी त्यातनं, औषधं त्यातनं, गच्ची गळते ती दुरुस्ती त्यातनं. चार वर्षं त्याच कुटुंबाला 7000वर ठेवलंय. एजंट दर महिन्याला येतो, 'काकू, 11 हजार देतो' म्हणतो. त्यांची पोरगी माझ्या हातावर वाढली, कशी काढू? पण माझ्या दवाखान्याचा खर्च वाढला तर मला पण विचार करावा लागेल. आधीच सांगून ठेवलंय त्यांना, लपवलं नाही.

शहापूरची लेक
काकू, तुमचं वाचून आमच्या आज्जीच आठवल्या.

नाल्याकाठी
2019च्या ऑगस्टमध्ये आम्ही बळ्ळारी नाल्याच्या बाजूला राहत होतो. भाडं 2000 कमी म्हणून घेतलेलं घर. का कमी ते पाणी कमरेपर्यंत आल्यावर कळलं. फ्रीज गेला, पोराची पुस्तकं गेली, लग्नातला अल्बम गेला. स्वस्त घर दिसलं तर आधी शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे.

येळ्ळूरचा
आमच्या शिवारात बासमती व्हायचा. फुलोऱ्यात आलं की वाऱ्यावर वास यायचा गावापर्यंत. आता बांधावर दगड रोवून 30 बाय 40चे प्लॉट. शहरातनं भाडं न परवडणारे इकडं येतात म्हणून आमच्याकडं पण भाडं वाढलं. माझ्या चुलतभावानं शेत विकलं आणि तो आज त्याच गावात भाड्यानं राहतो.

मच्छेकर
@येळ्ळूरचा, बासमती कोणाकडं मिळतो का अजून? घरी खायला पाच किलो पाहिजे होता.

येळ्ळूरचा
सुगीला सांगतो. खाजगी निरोप पाठवा.

महांतेशनगर
लाईट बिलाचं बघा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूला पण 200 युनिटपर्यंत सवलत आहे, पण आमच्या इमारतीला एकच मीटर. मालक युनिटला 9 रुपये घेतो. वेगळं मीटर बसवा म्हटलं तर दुसरं घर बघा म्हणतो.

अनगोळ
@शहापूरची लेक, तुमच्या भावाला अजून घर पाहिजे का? आमच्या मागच्या चाळीत दोन खोल्या शनिवारी रिकाम्या होतायत. 5500. मालक जुने आहेत, 30 हजार डिपॉझिट, तेही दोन हप्त्यांत घेतील. मी बोललोय त्यांच्याशी. मटण-मासे चालतात, पोरं चालतात.

शहापूरची लेक
दादा, खरंच? आत्ता लगेच फोन करते त्याला.

शहापूरची लेक
उद्या ड्युटी सुटल्यावर सहाला दोघं येतायत बघायला. वहिनी विचारतेय, पाणी किती दिवसांनी येतं?

अनगोळ
पाच-सहा दिवसांआड. टाकी मोठी आहे, पण चार घरांत मिळून एकच. बॅरल घेऊन या म्हणावं.